थंड पाण्यानं नाही, आत्या

आत्या, राजू दूध ओढत नव्हता. तोंड लावायचा, एक घोट घ्यायचा, सोडायचा, डोकं मागे टाकायचा, पुन्हा तोंड लावायचा. नाक दोन्हीकडून गच्च. दूध घेतलं की श्वास बंद आणि श्वास घेतला की दूध बाहेर. ओठ निळे झालेच नव्हते असं आता सगळ्या म्हणतात. त्या कुठं होत्या बघायला? मी बघितले, निळे होते. आणि वर गच्च्यांवर पतंग कापत आपलं सगळं उधना ओरडतंय, काप्यो छे, काप्यो छे, थाळ्या वाजतायत, उतराणचा दिवस, म्हणजे आपली संक्रांत, दवाखान्याला कुलूप, रिक्षावाला एक दिसेल तर शपथ, आणि तुमचा मुलगा, राजूचे बाबा, फिरकी घेऊन कुणाच्या गच्चीवर चढलेत देवाला माहीत. मी दारातून हाका मारल्या, घसा फाटेपर्यंत. वरून एका पोरानं हात हलवला मला. त्याला वाटलं मी पतंग बघतेय.

मी वळून बघते तर तुम्ही स्टोव्हपाशी बसलेल्या. सांडशीत काचेच्या बांगडीचा तुकडा, लाल झालेला.

मी काय ओरडले ते पुढं सांगते. आधी दुसरं सांगते, कारण आता मला सगळं भरभर आठवतंय आणि मध्येच काही सुटलं तर तुम्ही तिथून म्हणाल, निम्मं खाल्लंस.

शाळेतल्या मालतीबाई म्हणाल्या, महिला मंडळाच्या अंकात आत्यांबद्दल तूच लिही. मी म्हटलं, बाई, मी सहावी नापास. त्या म्हणाल्या, बोलतेस तसं लिही, शुद्धलेखन मी बघते. मग बसलेय. तुम्ही कुठल्या गावच्या, माहेर कोणतं, किती लेकरं, हे वत्सलाताईंनी सांगावं, तुमची मुलगी, त्यांना पाठ आहे. माझं तसलं काही नाही. मला भांडायचंय तुमच्याशी. तुम्ही अर्ध्यातून उठून गेलात.

मी लग्न होऊन आले तेव्हा या खोलीत सर्दीचे कायदे होते. ओले केस घेऊन दारात उभं राहायचं नाही. सूर्य कलला की पेरू नाही, दही नाही. फरशीवर अनवाणी नाही. बाळंतिणीनं तर पाण्याकडं बघायचं पण नाही. मी एकदा न्हाऊन ओला टॉवेल खांद्यावर टाकून भाकरी थापत होते तर तुम्ही तो टॉवेल ओढून बाहेर फेकला. चाळीतल्या सगळ्या बघत होत्या. मला इतका राग आला आणि दुसऱ्या दिवशी मला खरंच सर्दी झाली. तुमचा तो चेहरा! जसं काही तुम्हाला मिलमध्ये बोनस मिळाला.

"नावच सर्दी शे," तुम्ही म्हणायच्या. "थंडीघाई नही व्हत तं मंग कशाघाई व्हस?"

  नावातच थंडी आहे, कोण काय बोलणार?

मालतीबाईंकडं उत्तर होतं. शाळा सुटली की त्या आपल्या ओट्यावर टेकायच्या, घरी जायच्या आधी. म्युनिसिपाल्टीच्या मराठी शाळेत शिकवतात, सगळ्या पोरांच्या शिंका त्यांच्यावर, त्यामुळं बाराही महिने नाकाला रुमाल. एकदा अशाच टेकल्या, तुम्ही बसल्या होत्या धाग्याच्या बॉबिनी भरत. त्यांनी काय सांगितलं, की विलायतेत एक जागा आहे, तिथं धडधाकट माणसं बोलावतात, खायला प्यायला देतात, राहायला देतात, आणि सर्दीवाल्या माणसाच्या नाकातलं पाणी यांच्या नाकात थेंब थेंब टाकतात. कुणाला होते ते बघायला. तुम्ही म्हटलं, शी. मग बाई म्हणाल्या, काहींना नुसतंच भिजवलं, ओल्या कपड्यात गार वाऱ्यात उभं केलं, कुडकुडले बिचारे, पण नुसत्या थंडीनं त्यांना सर्दी झाली नाही. नाकातलं पाणी ज्यांना दिलं, त्यातल्या कितीतरींना झाली.

तुम्ही बॉबिन थांबवली. मला वाटलं आता पटलं.

"ते गोरे शेत," तुम्ही म्हणालात. "त्यास्ना पोटमाच बरफ ऱ्हास. त्यास्ले काय थंडी लागी?"

बाई हसल्या आणि शिंकल्या. लागोपाठ शिंकल्या. तुम्ही म्हणालात, "बाई, सर्दी तुमलेच आन शिकाडतस आमले."

पण बाई हटल्या नाहीत. मग त्यांनी बेटाची गोष्ट सांगितली. दूर समुद्रात एक बेट, चहूकडं पाणी, बर्फासारखी थंडी, पण महिनोनमहिने कुणाचं नाक वाहत नाही. आणि मग एखादी बोट येते, माणसं उतरतात, हात मिळवतात, आणि मग सगळं बेट शिंकायला लागतं. म्हणजे थंडी होतीच की तिथं, बाई म्हणाल्या, सर्दी नव्हती. ती माणसाबरोबर आली. जंतूपेक्षाही बारीक असतं ते, गाळणीत अडकत नाही, विषाणू म्हणतात, आणि त्याच्या शंभराच्या वर जाती. म्हणून एकदा होऊन गेली तरी परत होते. म्हणून औषध नाही.

"चंद्रवर जाई उनात म्हने," तुम्ही म्हणालात, "आन नाकनी दवा सापडनी नही?"

बाई म्हणाल्या, नाही सापडली.

"आन त्या बोटमा थंडीच भरी आनी व्हई."

मी किती हसले तेव्हा. राजू पोटात होता, हसता हसता कळ आली तर तुम्ही लगेच बॉबिन टाकून उठल्या. पण ती बोट माझ्या डोक्यात राहिली आत्या. त्यानंतर मी बघायला लागले. खोकणाऱ्या पोराचं नाक तुम्ही पदरानं पुसायच्या, मग त्याच पदरानं तवा उतरवायच्या, त्याच पदरानं दुसऱ्या पोराचं तोंड पुसायच्या, मग स्वतःचे डोळे. सगळ्या चाळीच्या बायका तुमच्याकडं पोरं आणायच्या. छातीत घर्र झालं की सोनाआत्याकडं न्या. ओवा-लसणाची पुरचुंडी, शेक, आणि फारच झालं की तो बांगडीचा डाग, पोटावर. गुजराती बायका पण यायच्या, त्या डाम म्हणतात. तुम्ही एक पैसा घेत नव्हत्या. मी म्हणायचे, आत्या, तुमचा पदर ती बोट आहे. तुम्ही म्हणायच्या, माले नको शिकाडू.

तुमच्या पुरचुंडीला मी काही म्हणणार नाही. शेकानं बरं वाटायचं. मालतीबाई पण म्हणाल्या, औषध नाहीच म्हटल्यावर बरं वाटणं हेच काय ते, गोळी खा नाहीतर आत्यांचा काढा प्या. बाळंतपणात तुम्ही माझ्या पाठीला जो शेक दिलात तो माझ्या आईनं पण दिला नसता. कोळशावर ओवा टाकून, माझ्या शिव्या ऐकत. ते मी विसरणार नाही. पण डाग. डागाचं मी आधीपासून सांगत होते. राजूच्या बाबांच्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना त्या टिकल्या आहेत अजून, मोठ्या झाल्यात अंगाबरोबर. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं देवीचे वण. तुम्ही किती अभिमानानं सांगितलं होतं, मी डागला, म्हणून जगला.

तर उतराण.

तुम्ही स्टोव्हपाशी, बांगडी लाल, आणि मी राजूला घेऊन भिंतीला. खोली ती केवढी. तुम्ही उठून एक पाय टाकला की माझ्याजवळ. तुम्ही म्हणालात, "दे आठे पोऱ्याले. जीव जाई राह्यना त्याना." मी म्हटलं देणार नाही. तुम्ही तुमच्या मुलाचं काढलंत, "मना आंडोर जगना ना? मी डागा म्हनीसनी जगना ना?"

आणि मी ओरडले, "मग शांता आणि यमू कशा गेल्या? त्यांना पण तुम्हीच डागलं होतं ना?"

ते बोलले मी. तुमच्या दोन मुली, माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहिणी, ज्यांची नावं या घरात कुणी घेत नाही. मला यांनीच एकदा सांगितलं होतं, दोघींना डागलं होतं आणि दोघी गेल्या. मी ते जपून ठेवलं होतं असं नाही. तोंडातून आलं. आणि आत्या, मी त्याची माफी मागणार नाही. तुम्ही असत्या तरी मागितली नसती. दुसरं काहीच नव्हतं माझ्याकडं तुम्हाला अडवायला. शाळा नाही, दवाखाना नाही, नवरा नाही. एवढंच होतं.

तुम्ही माझ्याकडं बघितलं. रागानं असतं तर बरं झालं असतं. मग तुम्ही सांडशी खाली ठेवली, हळूच, जशी दुधाची कढई ठेवतात तशी. बांगडी फरशीवर पडली, तडकली.

मग तुम्ही राजूला घेतलं. मी दिला. का दिला मला ठाऊक नाही, हात रिकामे बघितले म्हणून दिला. आणि तुम्ही त्याच्या इवल्याशा नाकावर तोंड ठेवलंत आणि ओढलं.

मी म्हटलं, "आत्या, तोंडानं नका. तुमची छाती..."

तुमची छाती मला माहीत होती ना. तरुणपण सगळं कापसाच्या जिनात गेलेलं, रुईच्या धुरळ्यात. पायऱ्या चढलात की तुमच्या आतून शिट्टी वाजायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आजींना सर्दी होऊ देऊ नका, छातीत उतरेल. बोट कुठून येते ते मला कळत होतं. तुमच्या तोंडातच होती ती.

तुम्ही थुंकल्या. "गप," म्हणालात. परत ओढलं. परत थुंकल्या. आणि राजूनं श्वास घेतला, नाकानं, सुरर्र, आणि मग असा रडला, असा भरून रडला की वरच्या गच्चीवरच्या बाईनं वाकून विचारलं, शुं थयुं? तुम्ही म्हटलं, कुछ नही, भूका शे. आणि त्याला माझ्या मांडीवर टाकला. तो प्यायला. चपाचपा प्यायला. मी रडत होते आणि तुम्ही चुळा भरत होत्या मोरीत, पाठमोऱ्या.

मी दुसऱ्यांदा नका म्हटलं नाही. तुम्ही संध्याकाळी परत ओढलं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. मी एकदाही नका म्हटलं नाही.

राजू बरा झाला. तुम्हाला शिंका लागल्या. मग खोकला. मग ती शिट्टी. मग डॉक्टरीणबाईंची इंजेक्शनं, त्या म्हणाल्या सर्दी छातीत उतरली, आता सर्दी नाही राहिली ती. आणि तुम्ही, खाटेवर उशीला टेकून बसलेल्या, श्वास पुरत नाही, वाक्य पुरं होत नाही, तरी भांडत होत्या! म्हणे, "टाकीना थंडा पानीमुये लागनी माले. संक्रांतले डोकं धुयं ना मी."

मी म्हटलं, आत्या, राजूकडून लागली.

"थंडा पानीमुये."

मी म्हटलं, तुम्हाला पण ठाऊक आहे.

तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलं. आत्या, तुमच्या हातात इतकी ताकद होती अजून. म्हणालात, "कोनी इचारं तं थंडं पानी सांग. पोऱ्यानं नाव लेऊ नको. तुनं बी लेऊ नको." मग म्हणालात, "आयकस का?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार? तुम्हाला खोकला आला होता, मी पाणी दिलं, कोमट.

आता ऐका. तुम्ही गेल्यावर वत्सलाताई आल्या. दारात पाय ठेवता ठेवता म्हणाल्या, "डागलं असतं पोराला तर दुखणं तिथल्या तिथं जळालं असतं. हिनं डागू दिलं नाही, मग ते आईवर जाऊन बसलं." सगळ्या बायका बसलेल्या, त्यांनी माना हलवल्या. एक म्हणाली, शिकलेल्या सुना. मी! सहावी नापास! मला त्यातही हसू आलं असतं.

माझ्या तोंडावर होतं तुमचं थंड पाणी. एवढंच म्हणायचं होतं, अहो त्यांनी डोकं धुतलं संक्रांतीला, टाकीच्या पाण्यानं, मी नको म्हणत होते. सगळ्यांनी च्यक च्यक केलं असतं. वत्सलाताई रडल्या असत्या आणि मला जवळ घेतलं असतं. तुम्ही मला दार उघडून ठेवलं होतं, आत्या. मला ते समजतं. मरता मरता दुसरं कोण सुनेचा विचार करतं?

पण नाही म्हटलं मी. मी म्हटलं, "राजूकडून लागली त्यांना."

वत्सलाताई म्हणाल्या, बघा, आपल्या तोंडानं कबूल करते.

करते. कारण अर्धं त्यांचं खरं आहे. राजूचंच गेलं तुमच्यावर, नाकातून तोंडात. पण डागानं ते अडलं नसतं. डागानं पोटाची कातडी जळते, आत्या. नाक तसंच राहिलं असतं बंद, पोर तसंच उपाशी राहिलं असतं, वरून जळलेलं. आणि तुम्ही नाक ओढलंच असतं. डागून झाल्यावर पण ओढलंच असतं, मी ओळखते तुम्हाला.

मी खोटं का नाही बोलले ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही रागावला असाल. दिलेला शब्द मोडला. मालतीबाईंच्या विज्ञानासाठी नाही मोडला. त्या बिचाऱ्या तर म्हणाल्या, सांग ना पाणी म्हणून, काय बिघडतं? बिघडतं. थंड पाण्यानं गेल्या म्हटलं तर तुम्ही काय, एक म्हातारी, डोकं धुतलं आणि गेली. चाळीत अशा किती जातात. मग उतराणच्या दिवशी या खोलीत काय झालं ते कुणाला कळणार? राजूला कोण सांगणार? तो मोठा होईल, शाळेत जाईल, त्याला सांगू का मी की आजी पाणी अंगावर घेऊन मेली? तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी मोरीत ओतून देऊ? नाही देणार. तुम्ही सांगितलं तरी नाही. तुम्ही सगळ्या जन्मात माझं ऐकलं नाही, मी हे एक तुमचं ऐकत नाही. फिटंफाट.

राजूला परवापासून पुन्हा शेंबूड आलाय. साधाच आहे, दूध पितो, हसतो. पण मला झोप नाही. त्याच्या नाकासमोर बोट धरून बसते, वारा लागतो का बघते. वत्सलाताई म्हणाल्या, या वेळी तरी शहाणी हो. त्यांनी पोटाकडं बघितलं त्याच्या, मी बघितलं त्यांनी बघितलं ते. राजूला मी त्यांच्याकडं देते, आत्या आहे त्याची, खेळवतात, मायेनं घेतात. पण स्टोव्ह पेटलेला असला की देत नाही. मग त्याला घेऊन ओट्यावर जाऊन बसते. ओले केस असले तरी बसते. यांनी काल विचारलं, तू अशी का करतेस? मी यांचा शर्ट वर केला आणि म्हटलं, हे दोन पुरे झाले या घरात.  मग शर्ट खाली ओढत म्हणाले, "मी गच्चीवर होतो." मी म्हटलं, हो, होता.

मी भित्री आहे आत्या, तुम्हालाच माहीत. पालीला भिते, रेल्वेच्या फाटकाला भिते, वत्सलाताईंना तर भितेच. पण हे मी लिहितेय, बघा.

आणि हा अंक ज्या ज्या वाचतील त्यांना, म्हणजे तुम्हाला, बायांनो. माना हलवणाऱ्या तुम्हीच ना. मालतीबाईंनी वाचून दाखवलं तरी ऐका. मला डागाचं विचारू नका, ते माझं ठरलेलं आहे. दुसरंच विचारा. विचारा की आत्यांची छाती अशी, मला सगळं ठाऊक, आणि त्यांनी तोंड खाली नेलं तेव्हा मी काय करत होते. एकदा नका म्हटलं, त्यांनी गप म्हटलं, आणि मग?

राजू त्यांच्या मांडीवर होता, मान लुळी पडत होती. त्यांचं एका हातानं जमत नव्हतं. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी राजूची मान वर धरली, त्यांना सोपं जावं म्हणून. प्रत्येक वेळी धरली. त्यांचा गाल माझ्या बोटांना लागत होता.

तुम्ही काय केलं असतं? सांगा. तुमचं लेकरू, निळे ओठ, आणि समोर एकच बाई, जी तोंड पुढे करतेय. मागे ओढलं असतं तिला?